घरगुती संगणकाचा घोंगाट व त्याचे शमन

रात्री जेवणखाण आटोपून घरातील माणसे निजानीज करू लागली, रस्त्यावरील वाहनांची वर्दळ ओसरली, आणि एखादा विद्यार्थी अभ्यासासाठी संगणक सुरू करून बसला, म्हणजे दिवसभर कोणाच्याही ध्यानात न आलेला एक आवाज खोलीत जाणवू लागतो. तो फार मोठा नसतो. पण तो थांबतही नाही. ज्या घरात अभ्यासाची खोली, बसण्याची खोली व निजण्याची खोली ह्या तीन नसून एकच असते, तेथे हा आवाज म्हणजे कोणाची तरी झोप किंवा कोणाचा तरी अभ्यास ह्यांपैकी एकाचा बळी घेणारी गोष्ट होऊन बसते.

हिवाळ्यात हा त्रास अधिक वाटतो. उन्हाळ्यात छताचा पंखा फिरत असतो व त्याच्या आवाजाखाली संगणकाचा आवाज झाकला जातो. मार्गशीर्षात छताचा पंखा बंद झाला, की तोच संगणक एकाएकी बिघडला की काय अशी शंका येते. वस्तुतः संगणक अधिक आवाज करतो तो उन्हाळ्यातच. हिवाळ्यात केवळ त्यावरील पांघरूण दूर झालेले असते.

हा घोंगाट कमी करता येतो, आणि पुष्कळ वेळा फारसा खर्च न करता येतो. तथापि तो कमी करण्याच्या नादात संगणकाचा श्वास कोंडून तो निकामी केल्याची उदाहरणेही थोडीथोडकी नाहीत. म्हणून उपायांकडे वळण्यापूर्वी आवाजाचे मूळ समजून घेणे अगत्याचे आहे. ज्या पेटीला बोलण्यात सरसकट ‘सीपीयू’ म्हणतात, तिला ह्या लेखात कॅबिनेट म्हटले आहे. सीपीयू अथवा प्रोसेसर हा त्या पेटीतील केवळ एक भाग होय.

आवाजाचे मूळ: उष्णता

संगणकाला पुरविलेल्या विजेपासून अंती उष्णताच निर्माण होते. मोटार वजन उचलते, दिवा प्रकाश देतो. संगणक मात्र आकडेमोड करून जो परिणाम दाखवितो त्यात ऊर्जा साठून राहत नाही. दोनशे वॅट वीज घेणारा संगणक हा, उष्णतेपुरते बोलावयाचे तर, दोनशे वॅटची एक लहानशी शेगडीच असतो. ही उष्णता पेटीबाहेर काढून टाकणे हे पंख्यांचे काम. आणि घोंगाट हे त्या कामाचे मोल आहे.

संगणकाला पंखा हवाच असतो असे मात्र नाही. १९७७ मध्ये आलेल्या ॲपल-२ ह्या संगणकात पंखा नव्हता. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्येही तो बुद्ध्याच ठेवलेला नव्हता, कारण स्टीव्ह जॉब्स ह्यांना यंत्र नीरव हवे होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये वीजपुरवठ्याच्या पेटीत एक पंखा होता, पण प्रोसेसरवर साधी उष्णताशोषक पट्टीही बसवावी लागत नव्हती. पुढे प्रोसेसरांचा वेग वाढत गेला तशी त्यांची भूक वाढली. प्रथम त्यांवर धातूच्या पापुद्र्यांचे हीटसिंक आले, मग हीटसिंकवर पंखे आले. २००४ च्या आरंभी आलेल्या पेंटियम-४ च्या काही नमुन्यांनी शंभर वॅटांची मर्यादा ओलांडली, आणि त्याच वर्षी इंटेलने ह्या मार्गावरील पुढचा प्रोसेसर रद्द करून एका चिपेवर अनेक गाभे बसविण्याचा मार्ग धरला. प्रोसेसरांची घोडदौड अशी थोडी आवरली गेली. परंतु ग्राफिक्स कार्डांनी ती पुढे चालविली. २०२२ मध्ये असे एक कार्ड एकट्याने साडेचारशे वॅट घेऊ लागले. अशा यंत्राकडून मॅकिंटॉशची शांतता अपेक्षिणे व्यर्थ आहे. सुदैवाने लेखन, वाचन, हिशेब व चित्रफिती पाहणे ह्यांसाठी असले कार्ड लागत नाही.

दोनशे वॅट उष्णता वाहून नेण्यास किती हवा लागते, ह्याचा हिशेब सोपा आहे. एक घनमीटर हवेचे वजन आपल्याकडील हवामानात सुमारे १.१६ किलोग्रॅम भरते, आणि एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापविण्यास सुमारे एक हजार जूल लागतात. पेटीतून जाणारी हवा १० अंशांनी तापावी असे धरले, तर एक घनमीटर हवा ११,६०० जूल घेऊन जाईल. दर सेकंदास २०० जूल बाहेर काढावयाचे असल्यास दर सेकंदास १७ लिटर हवा हवी. म्हणजे न्हाणीघरातील एक मोठी बादली भरून हवा, दर सेकंदाला, अखंड. हेच काम पाण्याकडे सोपविले तर दर सेकंदाला चहाचा एक चमचा भरेल इतके पाणी पुरते. पाण्याने थंड करावयाच्या यंत्रणांचे आकर्षण ह्यातच आहे. पण ते तापलेले पाणीही शेवटी आपली उष्णता हवेलाच देणार. त्यासाठी त्याच्या जाळीवर पंखे लागतात, आणि पाणी फिरविणाऱ्या पंपाचा आवाज वेगळा. बादलीचा हिशेब चुकत नाही, तो केवळ पुढे ढकलला जातो.

सर्वांत मोठा आवाज आधी

आवाजाची पातळी डेसिबेल ह्या मापाने मोजतात. ह्या मापाची बेरीज साधी नाही. दोन सारख्या पंख्यांपैकी प्रत्येक ३० डेसिबेल आवाज करीत असेल, तर दोहोंचा मिळून ६० नव्हे, ३३ डेसिबेल होतो. कानाला आवाज निम्मा झाला असे वाटण्यास साधारणपणे १० डेसिबेल कमी व्हावे लागतात. मोजमापाची कल्पना यावी म्हणून सांगावयाचे तर भारत सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी वस्तीसाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा घातली आहे. ती परिसरातील आवाजासाठी आहे, मेजाखालच्या पेटीसाठी नव्हे. तरी आकड्यांचा अंदाज त्यावरून यावा.

ह्या विचित्र बेरजेतून एक महत्त्वाची गोष्ट निघते. समजा, एका संगणकात प्रोसेसरचा पंखा ४० डेसिबेल, वीजपुरवठ्याचा व कॅबिनेटचा पंखा प्रत्येकी ३४, आणि हार्ड डिस्क ३० डेसिबेल आवाज करते. एकूण आवाज ४२ डेसिबेल होईल. कोणी हौसेने हार्ड डिस्क काढून टाकली, तर एकूण आवाज पाव डेसिबेलहून थोडासाच अधिक उतरेल. म्हणजे कानाला काहीच कळणार नाही व पैसे मात्र खर्च होतील. तेच, प्रोसेसरचा एकटा पंखा ४० वरून ३० वर आणला तर एकूण आवाज साडेतीन डेसिबेलने उतरेल, आणि तो फरक स्पष्ट कळेल. मग पुढची पाळी ३४ वाल्यांची. हार्ड डिस्कचा विचार सर्वांच्या शेवटी करावा. पण त्या वेळी मात्र तो केल्याशिवाय गत्यंतर नसते, कारण मोठे आवाज गेल्यावर तीच ऐकू येऊ लागते. ‘पंखा बदलला आणि आता नवीनच आवाज सुरू झाला’ ही तक्रार ह्यामुळे होते. तो आवाज नवीन नसतो.

म्हणून पहिले काम निदानाचे. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून तिचे एक टोक कानाशी व दुसरे पेटीच्या निरनिराळ्या भागांजवळ नेल्यास आवाज कोठून येतो ते बरेचसे कळते. सुरळी फिरत्या पात्यांपासून दूर धरावी, हे सांगावयास नकोच. कॅबिनेटच्या एखाद्या पंख्याविषयी शंका असल्यास संगणक पूर्ण बंद करून, त्या पंख्याची जोडणी काढून, मिनिटभर संगणक चालवून पाहावा. प्रोसेसरच्या पंख्याची जोडणी मात्र कधीही काढू नये.

आवाजाची जातही ओळखता आली पाहिजे. हवेचा सरसराट हा एक प्रकार. त्यात सर्व पट्टीचे सूर मिसळलेले असतात आणि तो कानाला फारसा टोचत नाही. दुसरा प्रकार एकसुरी गुणगुणण्याचा. सात पात्यांचा पंखा मिनिटाला १,२०० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २० फेरे व पात्यांची १४० स्पंदने होतात. तेवढ्या कंपनसंख्येचा सूर त्यातून उमटतो. पात्यांच्या अगदी लगत पत्र्याची जाळी असली तर हा सूर बळावतो. तिसरा प्रकार घरघरीचा व खरखरीचा. तो बहुधा झिजलेल्या बेअरिंगचा असतो. साध्या बेअरिंगमधील तेल वाळले की पंखा, विशेषतः थंडीत सकाळी सुरू करताना, घरघरतो. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब त्यावर काही आठवडे चालून जातो, परंतु खरा उपाय पंखा बदलणे हाच.

धूळ

आपल्या देशातील घरगुती संगणकाच्या घोंगाटाचे सर्वांत सामान्य कारण धूळ हे आहे, आणि सर्वांत स्वस्त उपायही तिच्यातच आहे. रस्त्यावरची माती, कापसाचे तंतू, उदबत्तीचा धूर आणि स्वयंपाकघरातील फोडणीची तेलकट वाफ ह्यांचा मिळून हीटसिंकच्या पापुद्र्यांमध्ये जणू नमदा तयार होतो. हवेला वाट उरत नाही. प्रोसेसर तापतो, तापमान पाहून मदरबोर्ड पंख्याचा वेग वाढविते, वेगवान पंखा आणखी धूळ ओढतो. संगणक जुना झाला म्हणून आवाज करतो असे म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांनी एकदा पेटी उघडून पाहिली तर त्यांचे मत बदलेल.

सफाई वर्षातून निदान एकदा, दिवाळीच्या आवराआवरीत, व्हावी. वीज बंद करून तिनटोकी प्लग भिंतीतून काढावा, चालू करण्याचे बटण एकदा दाबून शिल्लक विद्युत्भार जाऊ द्यावा, आणि आतील भागांना हात लावण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला स्पर्श करून अंगावरील स्थिर विद्युत् घालवावी. धूळ मऊ ब्रशाने अथवा ब्लोअरने काढावी. ब्लोअर वापरताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, नाही तर ते भलत्या वेगाने फिरून बेअरिंग खराब होते. वीजपुरवठ्याची पेटी, जिला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, ती बाहेरून साफ करावी; ती उघडू मात्र नये. २३० व्होल्टचा प्रवाह एकदिश केल्यावर तिच्यातील धारित्रांवर सुमारे ३२५ व्होल्टचा दाब असतो, आणि प्लग काढल्यावरही तो काही काळ टिकून राहू शकतो. हा धोका प्राणावर बेतणारा आहे.

प्रोसेसर व हीटसिंक ह्यांच्या मधला थर्मल पेस्टचा लेप काही वर्षांनी वाळून त्याला भेगा पडतात. जुना लेप आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून वाटाण्याहून लहान असा नवा ठिपका दिल्याने तापमान काही अंश उतरते. अधिक लेप म्हणजे अधिक थंडावा अशी समजूत आहे, ती चुकीची होय. लेपाचे काम फक्त दोन पृष्ठांमधील सूक्ष्म खळगे भरण्याचे आहे.

धुळीबरोबरच हवेच्या वाटेचा विचार आला. संगणकासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या मेजांना खाली एक कप्पा असतो आणि त्यात कॅबिनेट नेमकी बसते; काही मेजांना त्या कप्प्याला दारही असते. ही रचना सोयीची दिसते, पण यंत्राच्या दृष्टीने ती कोठडी आहे. मागून बाहेर पडलेली गरम हवा फळीवर आपटून पुढे येते व पुन्हा आत ओढली जाते. मागची फळी काढून टाकणे किंवा कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवणे ह्या एका उपायानेही पंखे मंदावतात. पुढचे तोंड काचेने बंद केलेल्या, आत रंगीबेरंगी दिवे लावलेल्या कॅबिनेटांचा मोह अलीकडे वाढला आहे. दिव्यांनी हवा थंड होत नाही, आणि काचेतून ती आत येत नाही.

मोठा व मंद पंखा

पंख्याचा वेग व त्याचा आवाज ह्यांचा संबंध सरळ प्रमाणाचा नाही, आणि ह्यातच सारी किल्ली आहे. पंखा देत असलेली हवा वेगाच्या प्रमाणात कमी-जास्त होते. पण त्याचा आवाज म्हणून बाहेर पडणारी शक्ती वेगाच्या सुमारे पाचव्या घाताने बदलते. वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, परंतु ध्वनिशक्ती बत्तिसाव्या हिश्श्यावर येते, म्हणजे आवाज १५ डेसिबेलने उतरतो.

वेग केवळ वीस टक्क्यांनी कमी करून पाहावा. ध्वनिशक्ती एकतृतीयांशावर येते. आवाज जवळजवळ ५ डेसिबेलने घटतो. मोबदल्यात काय द्यावे लागते? हवा वीस टक्के कमी झाल्याने, जी पूर्वी १० अंशांनी तापत होती ती साडेबारा अंशांनी तापेल. अडीच अंश उष्णता पत्करून पाच डेसिबेल शांतता मिळते. कारखान्यातून आलेल्या संगणकात पंख्यांचे वेग पुष्कळदा गरजेपेक्षा अधिक ठेवलेले असतात, म्हणून हा सौदा बहुधा किफायतीचा ठरतो.

व्यास वाढविण्याचा लाभ ह्याहूनही मोठा आहे. एकाच घडणीच्या पंख्यांत, वेग तोच ठेवला तर, हवेचे प्रमाण व्यासाच्या घनाने वाढते. ८० मिलिमीटरच्या पंख्याऐवजी १२० मिलिमीटरचा बसविला तर घन करता सुमारे ३.४ पट होते. लहान पंखा मिनिटाला २,४०० फेऱ्यांत जेवढी हवा देई, तेवढी मोठा पंखा ७०० च्या आसपास फेऱ्यांत देईल. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १० मीटरवरून साडेचार मीटरवर येईल. बाजारातील पंख्यांची जाडी व्यास कोणताही असला तरी बहुधा २५ मिलिमीटरच असते, त्यामुळे प्रत्यक्ष लाभ थोडा कमी होतो. दिशा मात्र हीच.

येथे एक गोम आहे. पंख्याचा दाब टोकाच्या वेगाच्या वर्गाने बदलतो. वरील उदाहरणात मोठा पंखा तेवढीच हवा देतो खरी, पण तिच्यामागील दाब पाचव्या हिश्श्यावर आलेला असतो. वाट मोकळी असेल तर हे चालते. धुळीने माखलेली जाळी, तारांचा गुंता, भिंतीला टेकलेली पाठ ह्यांपैकी काहीही आडवे आले की मंद पंखा नुसता फिरत राहतो, हवा हलत नाही. म्हणूनच सफाई व वाट मोकळी करणे आधी, पंखा बदलणे मागाहून. क्रम उलटा केला तर संगणक शांत होतो आणि भाजतो.

वेगाचे नियंत्रण बहुतेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये असते. चार टाचण्यांच्या जोडणीचा पंखा स्वतंत्र संदेशाने, तर तीन टाचण्यांचा पंखा १२ व्होल्टचा दाब कमी करून मंद करता येतो. तापमान व वेग ह्यांचा आलेख तेथे आखून देता येतो. तो आखताना तापमान क्षणभर वाढले की पंख्याने लगेच धाव घेऊ नये, अशी काही सेकंदांची सवड ठेवावी. एकसारखा चालणारा आवाज मन विसरते. दर मिनिटाला चढणारा-उतरणारा आवाज विसरू म्हटले तरी विसरता येत नाही.

कंपन

तंबोऱ्याची तार एकटी छेडली तर तिचा आवाज जेमतेम ऐकू येतो. भोपळा तिला आवाज देतो. हार्ड डिस्कचेही असेच आहे. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी डिस्क सेकंदाला १२० वेळा थरथरते. हे कंपन स्क्रूमधून कॅबिनेटच्या पत्र्यात, पत्र्यातून मेजाच्या पोकळ फळीत उतरते, आणि फळी भोपळ्याचे काम करते. दोन डिस्का असतील आणि त्यांचे वेग नेमके सारखे नसतील तर, जवळजवळ जुळलेल्या दोन तारांप्रमाणे, त्यांचा आवाज लाटेसारखा फुगतो व ओसरतो. कॅबिनेट मेजावरून उचलून जमिनीवर, जाड घडीवर ठेवताच गुणगुण थांबली, तर दोष फळीचा होता असे समजावे. मात्र तळाला हवेची जाळी असल्यास घडी तिच्याखाली येऊ देऊ नये.

डिस्क रबरावर बसविणे हा रूढ उपाय आहे, पण रबर कसे असावे हे समजून घेतले नाही तर तो फुकट जातो. रबर वजनाखाली जितके दबेल तितकी त्याची स्वाभाविक कंपनसंख्या उतरते. ते एक मिलिमीटर दबले तर ही संख्या सेकंदाला सुमारे १६ येते. डिस्कची १२० ही संख्या तिच्या सात-आठ पट असल्याने कंपनाचा अगदी लहान अंश पलीकडे पोचतो. जे रबर वजनाखाली मुळी दबतच नाही, अशा टणक वॉशरने काही साधत नाही. काही हौशी लोक डिस्क शिंप्याकडच्या इलॅस्टिकच्या पट्ट्यांवर झोळीसारखी टांगतात. आवाजाच्या दृष्टीने हा उपाय उत्तम आहे. पण टांगलेल्या डिस्केची उष्णता पत्र्यात उतरत नाही, म्हणून तिच्यासमोर मंद हवा हवी. शिवाय अशी पेटी हलविण्यापूर्वी डिस्क काढून घेतली पाहिजे. सामान्य डिस्केने ६० अंशांची मर्यादा ओलांडू नये. तिच्यात घरातील छायाचित्रे, विद्यार्थ्याच्या टिपणवह्या, दुकानाचे हिशेब असतात; आवाज गेला आणि त्यांच्याबरोबर हेही गेले, तर तो उपाय नव्हे.

ज्यांना खर्च करणे शक्य आहे त्यांनी ही सारी खटपट सोडून एसएसडी बसवावी. तिच्यात फिरणारा भागच नसतो. जुनी डिस्क केवळ साठवणीसाठी ठेवून, काम नसताना ती थांबेल अशी व्यवस्था करता येते.

पांघरूण घालण्याचा मोह

आवाज येतो, तर पेटी झाकून टाकावी, हा विचार सर्वांनाच प्रथम सुचतो. थर्माकोल, गोधडी, फोमचे तक्ते ह्यांचे प्रयोग त्यातून होतात. ह्यांविषयी भौतिकशास्त्र काय सांगते ते पाहण्यासारखे आहे. सच्छिद्र पदार्थ आवाज चांगला शोषतो तो त्याची जाडी ध्वनिलहरीच्या लांबीच्या चौथाईच्या आसपास असेल तेव्हा. सेकंदाला २,००० कंपनांच्या किनऱ्या आवाजाची लहर साडेसतरा सेंटिमीटर लांब असते. तिला चार सेंटिमीटरचा फोम बरा पुरतो. परंतु डिस्केच्या १२० कंपनांच्या गुणगुणीची लहर २.९ मीटर लांब आहे. तिच्यासाठी पाऊण मीटर जाडीचा फोम हवा. एवढ्या जाडीत सबंध कॅबिनेट मावून जाईल. पेटीत चिकटविलेला एक सेंटिमीटरचा फोम किनरा आवाज थोडा मवाळ करतो, गुणगुणीला तो दिसतही नाही. थर्माकोल तर ध्वनी शोषतही नाही व अडवीतही नाही. अडविण्यास वजन लागते आणि त्याला वजन नाही. तो उष्णता मात्र पक्की अडवितो, म्हणजे हवे त्याच्या नेमके उलट करतो.

खोलीचा विचार ह्याहून फलदायी ठरतो. गुळगुळीत फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती व काचेचे कपाट अशा खोलीत आवाज घुमतो. पडदा, गादी, पुस्तकांनी भरलेले फडताळ ह्यांनी तो खातो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केले की आवाज ६ डेसिबेलने उतरतो. बंद खोलीत तितका नाही, पण कॅबिनेट कानाशेजारच्या मेजावरून पायांपलीकडे गेली तरी फरक कळतो.

उष्णताच कमी केली तर

जी उष्णता निर्माणच झाली नाही तिला बाहेर काढण्यास पंखा लागत नाही. प्रोसेसरमध्ये कामाच्या वेळी निर्माण होणारी उष्णता विद्युत्दाबाच्या वर्गाच्या व घड्याळी वेगाच्या प्रमाणात असते. दाब दहा टक्क्यांनी उतरविला तर ती एकोणीस टक्क्यांनी कमी होते. वेगही दहा टक्क्यांनी उतरविला तर एकूण घट सव्वीस-सत्तावीस टक्क्यांवर जाते. पत्र लिहिणाऱ्याला किंवा व्याख्यान ऐकणाऱ्याला हा फरक कळतही नाही. मर्यादा घालण्याची सोय बायोसमध्ये व संगणकाच्या ऊर्जाविषयक व्यवस्थेत असते. दाब थोडाथोडा उतरवीत जावे आणि संगणक अडखळू लागताच एक पायरी मागे यावे.

वीजपुरवठ्याची पेटी स्वतः किती वीज वाया घालविते हेही पाहिले पाहिजे. आतील भागांना २५० वॅट हवे असता ८० टक्के कार्यक्षमतेची पेटी ६२ वॅट उष्णतेच्या रूपाने उधळते, ९० टक्क्यांची २८. दुसरीचा पंखा मंद फिरतो, किंवा हलक्या कामात फिरतही नाही. कार्यक्षमतेची ‘८० प्लस’ ही प्रमाणपद्धती २००४ पासून आहे. नवी पेटी घेताना तिची खूण पाहावी. कॅबिनेटबरोबर फुकट मिळालेली एसएमपीएस हीच पुष्कळदा घरातील सर्वांत गोंगाट करणारी वस्तू असते.

पंखे शांत झाल्यावर कधी कधी एक बारीक किनरा सूर ऐकू येतो व तो पडद्यावरील चित्राबरोबर बदलतो. तो ग्राफिक्स कार्डातील किंवा मदरबोर्डातील वेटोळ्यांचा असतो. त्यांतील बदलत्या प्रवाहाने तारा कंप पावतात. तो बिघाड नव्हे. खेळात चित्रांची संख्या सेकंदाला साठपर्यंत मर्यादित केली की तो बहुधा मवाळतो. दुसरा एक जाड, न बदलणारा सूर असेल तर संगणकाला दोष देण्यापूर्वी शेजारच्या यूपीएसकडे कान द्यावा. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० असल्याने तिच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुण सेकंदाला १०० कंपनांची असते, आणि ती थेट मेजात उतरत असते. तिच्याखाली मऊ रबर घालणे पुरते.

शेवटी ऋतूंचा प्रश्न उरतो, आणि विलायती पुस्तिकांत तो आढळत नाही. डिसेंबरात खोली २० अंशांवर असताना बेतलेला पंख्यांचा आलेख मे महिन्यात नागपुरात किंवा जयपुरात, खोली ४० अंशांवर असताना, चालणार नाही. पेटीतील प्रत्येक भाग त्या वीस अंशांनी वर सरकलेला असेल. प्रोसेसर स्वतःला मंद करून वाचवितो, हार्ड डिस्केला तशी युक्ती अवगत नाही. म्हणून दोन आलेख आखावेत, एक थंडीचा व एक उन्हाळ्याचा. दोहोंचे आकडे कागदावर लिहून तो कॅबिनेटच्या दारावर बाहेरून चिकटवावा, आणि होळीच्या सुमारास उन्हाळ्याचा आलेख लावावा. त्या दिवसांत छताचा पंखा पुन्हा सुरू होतो, आणि त्याच्या आवाजाखाली वाढलेली सरसर कोणाला ऐकू येत नाही.